डाव्या हाताची काठी

महालिंगा,

परवा शुक्रवारी सवयीनं लातूरच्या बाजारात, गोलाईत आलो आणि तुझ्या दुकानाची पायरी चढलो. भांडायलाच आलो होतो. सायकल लावेपर्यंत मुद्दा तोंडात तयार होता. वर आलो तर गादीवर तुझी लेक मंगल. एका शेतकऱ्याला बैलाचा नाडा हातावर मापून देत होती. मला बघून उठली, "या काका" म्हणाली, आणि मग मला आठवलं की तू नाहीस. तुला समाधी दिली तेव्हा मी तिथंच होतो. सगळ्यांबरोबर मीही माती लोटली. तरी पाय विसरले.

मंगलनं चहा सांगितला. तो पिऊन मी निघालो. भांडण तसंच राहिलं, म्हणून हे लिहितोय. तसंही तू माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस. मधेच तोडायचास. आज तेवढं तुला जमणार नाही.

आपली ओळख दोरावरून झाली, हे लोकांना सांगितलं तर हसतात. बहात्तरचा दुष्काळ. मी बोअर पाडणाऱ्या गाडीवर मदतनीस होतो. मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून वॉल्टर साहेबाचं बोलणं गावकऱ्यांना समजावून सांगायचं कामही माझ्याकडंच आलं होतं. साहेब विलायतेहून आमच्या खडकात पाणी शोधायला आलेला. गाडीसाठी जाड दोर पाहिजे होता, तर कुणीतरी तुझं दुकान दाखवलं. त्या वर्षी तुझ्याकडं येणारा जो तो एकच मागणं मागत होता: पाणी खाली गेलं, जुना दोर पुरंना, लांब द्या. मी म्हणालो, "धंदा जोरात दिसतोय." तू दोर मापता मापता थांबलास. "धंदा लई जोरात हाय गड्या, पर दोर तोडताना हात चालंना. दर हाताला वाटतंय, पानी आनखी एवढं खाली गेलं." माल विकताना इतका कष्टी झालेला दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिथंच तू मला आवडलास.

साहेबालाही तू आवडलास. पुढच्या खेपेला तो तुला आपली मासे धरायची काठी दाखवायला घेऊन आला. गुळाच्या रंगाची, फायबरग्लासची, दोन तुकडे एकात एक बसवायची. आपल्याकडच्या गळाला शिशाचं वजन असतं, त्या वजनानं गळ लांब जातो. हिच्या टोकाला मात्र गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी. तिला वजनच नाही. वजन सगळं दोरीत. दोरी डोक्यावरून मागं फेकायची, ती मागं हवेत पुरती उलगडली की मग पुढं, आणि दोरीच माशीला घेऊन जाते. दोरीच वजन नेते म्हटल्यावर तुझे कान टवकारले. तो तुझाच प्रांत.

पण पाणी कुठं होतं? जळकोटच्या वरच्या अंगाला आमची गाडी लागली होती, तिथलं तळं तळापर्यंत भेगाळलेलं. साहेब म्हणाला, फेकायला पाणी कशाला लागतं? दुकान बंद असेल त्या दिवशी तू मिळेल त्या जीपनं तिथवर यायचास आणि त्या भेगाळलेल्या तळ्यात आपण तिघं उन्हं कलेपर्यंत दोरी फेकायचो. ती काठी फार मऊ होती. मुठीपर्यंत लवायची. घाई केली की दोरी पाठीमागं ढीग होऊन पडायची. साहेबाला मराठीतला एकच शब्द येत होता, "थांबा", आणि तो त्याला तेवढ्यासाठीच लागायचा. आपल्या दोघांत तू लवकर शिकलास. गळ्यातलं लिंग सदऱ्यात नीट सारायचास, पाय रोवायचास आणि हात मागं नेऊन असा निवांत उभा राहायचास, जसं काही मागून कुणी हाक मारणार आहे.

दुष्काळी कामावर खडी फोडून घरी परतणाऱ्या बाया बघायला थांबायच्या. त्यातली एक म्हातारी डोक्यावरचं टोपलं न उतरवता म्हणाली, "आवं शेट, हितं पानी न्हाई, मासं कुठनं यायचे?"

तू म्हणालास, "पानी आल्यावर शिकायला येळ कुठं ऱ्हातो, मावशी?"

ती हसली. सगळ्या हसल्या. महालिंगा, त्या वर्षात मी इतक्या बायका एकदम हसताना दुसरीकडं कुठं पाहिल्या नाहीत. सुकडी खाऊन दिवस काढणारी माणसं ती. आणि मीही त्या दिवशी पहिल्यांदा धरून चाललो की पाणी येणार आहे.

साहेब गेला तेव्हा काठी आपल्या दोघांना मिळून देऊन गेला. एक काठी आणि दोन माणसं. मी पुढं उस्मानाबादला नोकरीला लागलो, तू लातूरलाच दुकानात. मग ती काठी एसटीनं हिंडायला लागली. एक महिना तुझ्याकडं, एक महिना माझ्याकडं. कंडक्टर विचारायचे, "हे काय, बासरी का?"

पाऊस झाल्यावर जळकोटच्या तळ्यावर तुला पहिला मासा लागला तो दिवस. चांगला वीतभराहून मोठा रोहू. मी धावत पिशवी घेऊन आलो, आणि तू हात पाण्यात बुडवून त्याचा गळ काढलास आणि सोडून दिलास. मला राग आवरेना. "दुष्काळातून आत्ता कुठं उठलोय, आन तू घास पाण्यात टाकतोस?"

"मी खात न्हाई."

"मी खातो की!"

"मग तुझा तू धर."

तिथून ते भांडण सुरू झालं आणि तू जाईपर्यंत मिटलं नाही. ज्यानं धरला त्याचा कायदा, एवढं आपण ठरवून टाकलं. मी धरला की घरी नेणार, माझी सुशीला कालवण करणार. तू धरला की पाण्यात. पण मन मानायचं नाही. मी म्हणायचो, खाण्यासाठी जीव घेणं मला समजतं, पण नुसतं ओढून काढायचं आणि सोडायचं, हा त्रास कुठल्या धर्मात बसतो? तू म्हणायचास, "मी भेटायला जातो. भेटून माघारी येतो." मी म्हणायचो, "भेटायला जाताना गळ घेऊन कोण जातं रे?" त्यावर तू इतका हसायचास की उत्तर द्यायचंच राहून जायचं. ते उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गोलाईत पेढे वाटले, फटाके वाजले. लोक म्हणत होते, कोर्टकचेरीला उस्मानाबादचे हेलपाटे वाचले. तू मात्र कुणी भेटेल त्याला सांगत होतास, "आमचा यशवंता आता हिकडं येनार." जिल्हा जसा काही तेवढ्यासाठीच केला होता. आणि आलोच मी. नव्या कार्यालयात टेबलं कमी आणि माणसं जास्त, आठवडाभर मी खिडकीत बसून काम केलं, पण संध्याकाळी तुझं दुकान होतं. काठीचं हिंडणं संपलं. दोरांच्या वेटोळ्यांच्या वर भिंतीत दोन खुंट्या ठोकून तू तिला कायमची जागा केलीस. मला वाटतं आपल्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. निदान माझ्या.

जळकोटच्या तळ्यावरच ते झालं. सकाळची वेळ. तू काठी मागं नेलीस आणि नेहमीसारखा थांबलास. मी वाट बघत होतो, आता पुढं येईल, आता येईल. ती आलीच नाही. तू तसाच आडवा झालास, काठीवरच. तिचा मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला. तुझं तोंड वाकडं झालेलं आणि तू काहीतरी सांगत होतास, ते शब्द होत नव्हते. जीपमधे तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सगळ्या रस्त्याभर बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. पार्वतीवैनींना पुढं तू सांगितलंस म्हणे, की यशवंता मला मासे खायचे फायदे सांगत होता. असेलही.

तू जगलास. वाचा आली, थोडी जड, पण आली. पाय फरफटत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तू गादीवर बसायचास, गिऱ्हाइकाला डाव्या हातानं दोर दाखवायचास आणि वरच्या रिकाम्या खुंट्यांकडं बघायचं टाळायचास. मोडलेले तुकडे मी बांधून माझ्याकडं ठेवले होते, दोरीचं रीळ तेवढं तुझ्याकडं राहिलं होतं. तू त्यांच्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस. तू भांडायचाही बंद झालास. मी मुद्दाम डिवचलं तरी "आसंल बाबा" म्हणायचास. तुझ्या तोंडून "आसंल बाबा" ऐकणं मला त्या झटक्यापेक्षा वाईट वाटलं, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

आणि मग तुझ्या बहिणीचा अशोक आला, विलायतेत डॉक्टर असलेला. नात्यातल्या लग्नासाठी आला होता. येताना दोन काठ्या घेऊन आला. दुकानात त्यानं त्या दोन्ही गादीवर ठेवल्या. "मामा, एक ठेवून घ्या. दुसरी मी परत नेणार, ती माझी. कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा."

एक फायबरग्लासची, जुनीसारखीच मऊ. दुसरी काळी, बारीक, ताठ. अशोक म्हणाला, ती ग्राफाइटची, आता तिकडं सगळे हीच घेतात. तू म्हणालास, "गिराफाईट म्हंजी पेन्सिलीतलं? पेन्सिलीनं मासं धरायचे?" दोन वर्षांत तुझ्या तोंडून पहिली खोडी ऐकली. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, आता सोडायचं नाही याला.

तुला मऊ काठी पाहिजे होती. हात लावायच्या आधीच ठरवलं होतंस. मी काळी धर म्हणालो, कारण ती उचलून पाहिली तर हातात काही आहे असं वाटेना, आणि तुझा एकच हात उरलेला, तोही डावा, न शिकलेला. "हलकी हाय ती. तुझ्या हाताला झेपंल." तू तडकलास, "माझ्या हाताला काय झेपंल ते मला कळंना व्हय?" वैनी आतून बाहेर आल्या, आम्हाला बघितलं आणि आत गेल्या. पुढं म्हणाल्या, देवापुढं दिवा लावायला गेले होते, हे पुन्हा भांडायला लागले म्हणून.

मांजरेच्या वाळूत आपण दोन्ही फेकून पाहिल्या. पुन्हा कोरडी वर्षं लागलेली, नदीत वाळूच. आधी तू मऊ काठी घेतलीस. चार फेकी अशा गेल्या की मी आणि अशोक बघतच उभे राहिलो. डाव्या हातानं, लंगडत्या पायावर, पण फेक तीच, तुझी, निवांत. मग तुझं कोपर थरथरायला लागलं. आणखी दोन फेकी आणि काठी तुझ्या हातातून खाली टेकली. घाम पुसायलाही दुसरा हात नव्हता, तो मी पुसला.

मग काळी. ती तुला दमवत नव्हती, पण ऐकतही नव्हती. तू जुन्या सवयीनं मागं थांबायचास आणि तोवर तिची दोरी मागं पडून मरून जायची. अशोक सांगायचा, "मामा, हिला एवढं थांबायचं नसतं. छोटा झटका, आणि लगेच पुढं." तू पुन्हा थांबायचास. दोरी पुन्हा वाळूत. शेवटी तू काठी माझ्या अंगावर धरलीस. "ही काठी न्हाई, ही घाईला लागलेली सासू हाय. दम म्हनून काढत न्हाई."

मी म्हणालो, "मग शीक की घाई करायला."

"सगळं आयुष्य थांबायला शिकन्यात गेलं यशवंता. आता घाई कुठनं आनू?"

हे तू चिडून म्हणालास, पण म्हणून झाल्यावर आपण दोघंही वाळूकडं बघत राहिलो. एक दमवते, दुसरी ऐकत नाही. अशोकच्या निघायच्या दिवशी मात्र तू मऊ काठी स्वतः त्याच्या हातात दिलीस. "ही ने. ती ऱ्हाऊ दे." का, ते सांगितलं नाहीस. मी जिंकलो म्हणून मिरवलो नाही, हे लक्षात ठेव.

नांदेडला गोदावरीत डोहाला पाणी आहे असं कळलं, म्हणून आपण गेलो. घाटापासून वर, जिथं खडक नदीत उतरतात तिथं. मी काठी जोडली आणि तू भरलेली पिशवी उघडली तर अशोकनं दिलेलं हलक्या दोरीचं नवं रीळ नाही. पिशवीत जुनं रीळ, वॉल्टर साहेबाची जुनी जाड दोरी. मी कपाळाला हात लावला. "एवढ्या लांब आलो आन रीळ घरी?"

"हे काय, रीळच हाय की."

"ही दोरी जड हाय, या काठीची नाही."

"बांध तर."

बांधली. तू खडकावर पाय रोवलास, काठी मागं नेलीस आणि थांबलास. आणि महालिंगा, ती काळी ताठ काठी वाकली. त्या जड दोरीनं तिला मागं ओढून धरलं आणि तिला तुझ्याबरोबर थांबावं लागलं. तुझ्या जुन्या काठीइतकी नाही, पण थांबली. मग पुढं आली. दोरी डोहावर सरळ पसरली आणि माशी अशी टेकली की पाण्याला कळलं नाही. हात थरथरला नाही. तू पुन्हा फेकलंस. पुन्हा. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ हसत होती.

तू रीळ विसरला होतास का मुद्दाम जुनं आणलं होतंस? मी परत येताना रेल्वेत विचारलं तर तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "दोराचा धंदा करतो मी." हे काही उत्तर झालं नाही.

त्या दिवशी तुला मासा लागला. पितळी खवल्यांचा, जाड ओठांचा, जोर असा की काठी मुठीपर्यंत वाकली. तू काठी पोटाला टेकवली होतीस, मी रीळ फिरवत होतो, दोघांचे मिळून तीन हात आणि तोंडं दोन, दोन्ही ओरडणारी. मासा काठाला आला. मी पाण्यात उतरून त्याला धरलं आणि सवयीनं गळ काढायला लागलो, सोडायला. तू वरून म्हणालास, "थांब. घेऊन जा. सुशीलाबाईला सांग, महालिंगानं दिला."

मला कळेना काय ऐकलं. इतक्या वर्षांत तू मला शेपूटही दिली नव्हतीस.

"खरंच?"

"जीपमदी माझं डोकं धरून बसला व्हतास. मला समदं आयकू येत व्हतं."

मी त्या माशाकडं बघितलं. त्याचे कल्ले उघडमिट करत होते. गार, जड, जिवंत. का ते मला आजही सांगता येणार नाही, मी हात सैल केले. तो क्षणभर तिथंच राहिला आणि मग गेला.

तू केवढा भडकलास! "पयल्यांदा दिला, आन तू सोडलास? मानसाला काही किंमत हाय का न्हाई?" खडकावर बसून डाव्या हातानं मला शिव्या देत होतास, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होतो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तू ते बघितलंस आणि आणखी मोठ्यानं शिव्या द्यायला लागलास. त्या दिवशीच्या शिव्यांसाठी मी तुझा आभारी आहे. भांडणारा महालिंग मला परत मिळाला होता.

त्यानंतर आपल्याला तीनेक हिवाळ्यांएवढा आनंद एका हिवाळ्यात मिळाला. तू गेलास ते झोपेत, घरी, वैनींच्या शेजारी. पहाटे त्या हाक मारायला गेल्या तेव्हा तू शिवैक्य झाला होतास. तोंड सरळ झालं होतं म्हणाल्या. मी बघितलं, खरंच झालं होतं.

परवा चहा संपवून निघालो तेव्हा मंगल पायरीपर्यंत आली. म्हणाली, "काका, आप्पा जे फेकायचे ते मला दाखवाल का? रविवारी दुकान बंद असतं." मी तिला लहानपणापासून बघतोय. तिला हे पाहिजे असेल असं कधी मनात आलं नाही. तुला माहीत होतं का? माहीत असून सांगितलं नसशील तर ते आणखी एक भांडण बाकी.

आज रविवार. मांजरेच्या बंधाऱ्यामागं थोडं पाणी धरलंय, तिथं गेलो. पदर खोचून, तुझी काळी काठी घेऊन ती उभी राहिली. मी तिला तुझं सगळं सांगितलं: पाय असे, खांदा असा, मागं निवांत. तिनं ऐकून घेतलं आणि एकही गोष्ट तशी केली नाही. मनगट झटकन फिरवलं, थांबली न थांबली, आणि दोरी गेली सरळ. तुझ्यासारखी नव्हे. माझ्यासारखीही नव्हे. वॉल्टर साहेबानं बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता, आणि मग बघत राहिला असता. दुपारपर्यंत मासा काही लागला नाही, तिला त्याचं काही वाटलंही नाही. ऊन चढलं तरी ती पाण्यातून निघेना.

मी बाभळीखाली बसलो होतो. एक फेक अशी गेली की मी न कळत मोठ्यानं म्हणालो, "महालिंगा, बघ!"

मंगल वळली. "काय म्हणालात काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "फेक."